आडवारचे सिनेमे: 'पासपोर्ट' तीन महिने वापरून झाल्यावर

पीव्हीआर आयनॉक्स या मल्टिप्लेक्स साखळीचा 'पासपोर्ट' नावाचा मासिक पास १६ ऑक्टोबर २०२३ला निघाला आणि त्याच आठवड्यात मी घेतला. तेव्हा महिन्याला ६९९ रुपये होते, त्यात दहा सिनेमे, पण फक्त सोमवार ते गुरुवार. शिवाय किमान तीन महिन्यांचा घ्यावा लागायचा, म्हणजे खरं तर वस्तू २,०९७ रुपयांची. आयमॅक्स, गोल्ड, लक्स, डायरेक्टर्स कट हे महागडे खास पडदे सगळे वगळलेले. दक्षिणेतल्या राज्यांत सुरुवातीला तो चालतच नव्हता, त्यामुळे हैदराबादच्या मामेभावाने फक्त ऐकून घेतलं. पास एका माणसाचा, सोबत सरकारी ओळखपत्र लागायचं. नवऱ्याचा पास घेऊन बायको गेली, असं चालायचं नाही.

हिशोब सोपा आहे. पुण्यात तेव्हा आडवारी साध्या पडद्याचं तिकीट दोनशेच्या आसपास धरा. महिन्याला चार सिनेमे पाहिले की पैसे फिटले, पाचव्यापासून फायदा. कागदावर हे इतकं सरळ दिसतं की मी दुसरा विचारच केला नाही. आता नोकरदार माणसाचा मंगळवार डोळ्यांसमोर आणा. साडेसहाला लॅपटॉप मिटवायचा, विद्यापीठ चौकातली गर्दी कापायची आणि सातचा शो गाठायचा. रात्री दहाचा पाहिला तर घरी यायला दीड वाजतो आणि सकाळी नऊची मीटिंग ठरलेली. पहिल्या महिन्यात पास जेमतेम फिटला, तोही दिवाळीच्या सुट्टीमुळे. आणि एक खर्च त्या हिशोबात नसतोच: दहाही पाहिले तर सिनेमा सत्तर रुपयांना पडतो, पण मॉलचं पार्किंग आणि पेट्रोल त्याच्याशी स्पर्धा करतात.

पासची खरी परीक्षा झाली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. जुनी नोकरी संपली होती, नवी पुढच्या सोमवारी सुरू व्हायची होती. मधे सबंध आठवडा मोकळा. लोक अशा वेळी कोकणात जातात. मी ठरवलं, राहिलेले सिनेमे उरकायचे.

त्याआधीच्या शुक्रवारी, १ डिसेंबरला, 'अ‍ॅनिमल' आणि 'सॅम बहादुर' एकाच दिवशी लागले होते. 'अ‍ॅनिमल' तीन तास एकवीस मिनिटांचा. इंटरव्हल आणि जाहिराती धरल्या तर जवळजवळ चार तासांचं काम. इतका लांब सिनेमा एका पडद्यावर दिवसातून मोजकेच खेळ देतो, मग थिएटरवाले त्याला जास्त पडदे देतात आणि बाकीच्यांना उरलेल्या वेळा. त्या आठवड्यात ॲपवर बघितलं तर संध्याकाळ सगळी त्याचीच. छोट्या सिनेमांच्या वाट्याला सकाळचे दहा, दुपारचे सव्वाबारा किंवा रात्रीची आडनिडी वेळ.

नोकरदाराला याचा वैताग येतो. मोकळ्या माणसाची मात्र चंगळ असते. '१२वी फेल' २७ ऑक्टोबरला लागलेला, तेव्हा सहावा आठवडा चालू होता. सकाळच्या खेळाला गेले तर हॉल बऱ्यापैकी भरलेला. बहुतेक पेन्शनर मंडळी, दोन-तीन कॉलेजची टोळकी. ज्यांच्यावर सिनेमा आहे ते आयपीएस अधिकारी मनोज शर्मा महाराष्ट्र केडरचे, त्यामुळे मागच्या रांगेतल्या काकांनी इंटरव्हलमध्ये त्यांच्या पोस्टिंगची चर्चा सुरू केली. पुढे २९ डिसेंबरला तो हॉटस्टारवर आला आणि घरच्यांनी मोबाइलवर तुकड्यातुकड्यांत पाहिला. माझ्यापेक्षा वेगळाच सिनेमा पाहिल्यासारखं बोलत होते.

या आठवड्यात पासचा जो उपयोग झाला तो मी हिशोबात धरलाच नव्हता. एक सिनेमा मी पाऊण तासात सोडून बाहेर पडले. दोनशे रुपयांचं तिकीट काढलेलं असतं तर चरफडत शेवटपर्यंत बसले असते, आपल्याकडे पैसे वसूल करायची सवय तशी खोल मुरलेली. उलट, परीक्षण न वाचता, ट्रेलरही न बघता, वेळ जुळली म्हणून गेलेल्यांपैकी दोन सिनेमे मनापासून आवडले. माझ्या मते पासची खरी किंमत एवढीच आहे: सिनेमा वाईट निघण्याची भीती जाते.

पण मराठीचं काय? इथे पास लंगडा पडतो. 'झिम्मा २' २४ नोव्हेंबरला आलेला, आईला घेऊन जायचं होतं. कोथरूडच्या माणसाला मराठी सिनेमा म्हणजे सिटीप्राइड. वेळा तिथे जास्त, प्रेक्षक आपला, रिक्षाने दहा मिनिटं. ती साखळी वेगळी, त्यामुळे पास खिशात ठेवून दोघींची तिकिटं काढली. दुसरी अडचण वारांची आहे. मराठी सिनेमा शुक्रवारी लागतो, शनिवार-रविवारी बरा चालला नाही तर सोमवारपासून खेळ कमी होतात. म्हणजे पास ज्या दिवशी उघडतो त्याच दिवशी सिनेमाचं दार मिटायला लागतं. दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकेल तोच पासवाल्याच्या हाती लागणार.

खाण्यापिण्याबद्दल थोडंच. पॉपकॉर्नच्या किमतीवरून त्याच वर्षी इंटरनेटवर बोंब झाली, त्यानंतर जुलैत कंपनीने सोमवार ते गुरुवार सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ९९ रुपयांचे कॉम्बो काढले. पासचे वार तेच, त्यामुळे दुपारी समोसा आणि थंड पेय परवडायचं. पाणी विकत घ्यायची गरज नाही. बाहेरचं खाणं थिएटरवाले अडवू शकतात, पण पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये सांगितलं आहे. काउंटरवर मागा, बिनधास्त.

दिवसाला एकच सिनेमा पाहा. एका दुपारी हौसेने दुसऱ्याचंही तिकीट काढलं आणि रात्री कोणतं गाणं कशातलं ते सांगता येईना.

जानेवारीत नवी नोकरी अंगावर आली आणि पास पुन्हा आडवारच्या गर्दीत अडकला. तीन महिने संपल्यावर तो मी पुढे चालू ठेवला नाही. तीन महिन्यांचा जमाखर्च काढला तर तोटा नाही, पण सगळी भरपाई त्या एका आठवड्याने केली. मोकळा आठवडा बघून महिन्यापुरता घेता आला असता तर दरवर्षी घेतला असता, पण तीन महिन्यांची अट नेमकी तिथेच आड आली. बाबांना मात्र घ्यायला सांगितलंय. ते निवृत्त आहेत, सकाळी दहाला तयार असतात, आणि आयनॉक्सचं बंडगार्डन रोडचं थिएटर त्यांच्या बसच्या वाटेवर आहे. सिनेमा न आवडल्यास उठून येणं तेवढं त्यांना जमणार नाही.