कृष्णविवर शिकवायचं तर सुरुवात कुठून? ११.२ पासून की एस-२ ताऱ्यापासून?

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या एखाद्या शाळेत नववी-दहावीच्या मुलांना कृष्णविवर शिकवायचं मनात असेल, तर अडतं ते गणितापाशी. आइन्स्टाइनची समीकरणं एमएस्सीच्या पोरांनाही घाम फोडतात. पण शाळेच्या गणितावर बरंच लांब जाता येतं. त्यासाठी लागणारं सामान राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘गुरुत्वाकर्षण’ या पहिल्याच धड्यात आहे. एक मुक्तिवेग (ग्रहाच्या ओढीतून कायमचं सुटायला लागणारा वेग) आणि दुसरा केप्लरचा तिसरा नियम. यातलं काय निवडायचं, एवढाच प्रश्न.

आधी मुक्तिवेग. बरेच शिक्षक इथे गुरुत्व स्थिरांक आणि सूर्याचं वस्तुमान फळ्यावर मांडतात, दहाचा तिसावा घात येतो आणि अर्धा वर्ग तिथेच गळतो. त्याची काही गरज नाही. सूत्रातून एवढंच उचला: वस्तुमान तेच ठेवून त्रिज्या पाव केली तर मुक्तिवेग दुप्पट होतो, शंभरावा हिस्सा केली तर दहापट. पृथ्वीचा मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किमी, हे मुलांना पाठ असतं. प्रकाशही सुटू नये, तर मुक्तिवेग प्रकाशाच्या वेगाएवढा, म्हणजे सेकंदाला ३ लाख किमी हवा. भागाकार करा, साधारण २६,८०० येतात. वेग इतक्या पटीने वाढवायचा तर त्रिज्येला २६,८०० च्या वर्गाने, म्हणजे सुमारे ७२ कोटींनी भागायचं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी. उत्तर येतं जेमतेम ९ मिलिमीटर. अख्खी पृथ्वी गोटीएवढी! सूर्यासाठी हाच हिशोब केला (मुक्तिवेग ६१८ किमी, त्रिज्या ६ लाख ९६ हजार किमी) की साधारण ३ किमी येतात.

पुढे ‘एका सूर्यामागे तीन किलोमीटर’ एवढं ध्यानात ठेवलं तरी चालतं, कारण ही त्रिज्या वस्तुमानाच्या सम प्रमाणात वाढते. दहा सूर्यांचं कृष्णविवर ३० किमी त्रिज्येचं. केंद्र जळगावात धरलं तर कडा भुसावळच्याही थोडी पुढे जाते. आता मुलांना घनता काढायला लावा. त्रिज्या वस्तुमानाच्या प्रमाणात आणि घनफळ त्रिज्येच्या घनात वाढत असेल, तर वस्तुमान दुप्पट झाल्यावर सरासरी घनता पाव होणार. एप्रिल २०१९ मध्ये ज्याचं छायाचित्र जगाने पाहिलं ते एम ८७ दीर्घिकेतलं कृष्णविवर सुमारे ६५० कोटी सूर्यांचं. या साध्या हिशोबात त्याची सरासरी घनता हवेपेक्षाही कमी निघते. ‘कृष्णविवर म्हणजे भयंकर घट्ट गोळा’ ही समजूत मुलं स्वतःच्या पेन्सिलीने मोडतात.

या वाटेत एक खोट आहे आणि ती झाकू नये. हा विचार इंग्रज अभ्यासक जॉन मिशेल यांनी १७८३ मध्ये मांडला, न्यूटनच्या गणितावर. त्यांच्या ताऱ्यातून प्रकाश निघतो, वर चढतो आणि परत खाली पडतो. म्हणजे जवळ उभ्या असलेल्याला तो तारा दिसला असता. खऱ्या कृष्णविवराच्या आतून प्रकाश बाहेर पडतच नाही. आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या गणितात तीच त्रिज्या येते, पण कारण निराळं.

आणि मग मागच्या बाकावरून हटकून येतं, “सर, कोन देखाले गयथा?” मुक्तिवेग इथे गप्प. तो कृष्णविवर असलं तर केवढं असेल ते सांगतो. आहे की नाही, ते नाही सांगत.

तिथे एस-२ कामाला येतो. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राजवळ फिरणारा हा तारा. पृथ्वी-सूर्य अंतर १ आणि वर्ष १ धरलं, तर केप्लरच्या तिसऱ्या नियमाने अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग म्हणजे मधल्या वस्तूचं वस्तुमान, सूर्याच्या पटीत. आधी गुरूवर पडताळा घ्या: अंतर ५.२, काळ ११.८६ वर्षं. घनही १४०.६ आणि वर्गही जवळपास तोच, उत्तर १. म्हणजे मध्ये एक सूर्य. बरोबर. आता एस-२: सरासरी अंतर सुमारे १०००, काळ १६ वर्षं. हजाराचा घन भागिले २५६, उत्तर सुमारे ३९ लाख सूर्य! बारीक मोजमापांतून आज ४३ लाखांच्या आसपास आकडा येतो, म्हणजे मुलं फार लांब नाहीत. मे २०१८ मध्ये हा तारा केंद्रापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या १२० पटीवर, म्हणजे नेपच्यून सूर्यापासून आहे त्याच्या चौपट लांबून, काहीही न धडकता निघून गेला. लाखो सूर्यांचं वस्तुमान तेवढ्या जागेत मावलंय आणि तिथे तारा काही दिसत नाही. राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रेया गेझ यांना २०२० चं नोबेल याच कामासाठी मिळालं.

चादर ताणून मधोमध चेंडू ठेवायचा प्रयोग वर्गाला आवडतो, पण गोट्या त्यात पृथ्वीच्याच ओढीने घरंगळतात. ज्याचं कारण सांगायचं तेच गृहीत धरलं जातं, शिवाय आकडा एकही निघत नाही. दहा मिनिटांपुरता ठीक.

नववीला घेणार असाल तर मुक्तिवेगच बरा. तो वेग आयता सांगितला तरी पुढे वर्ग आणि भागाकार एवढंच लागतं. दहावीला मात्र एकच तासिका मिळत असली तरी मी एस-२ घेईन. केप्लरचा नियम ही मुलं गुणांसाठी घोकतात. त्याच नियमाने कुणीतरी न दिसणारी वस्तू तोलली, हे त्यांच्या वहीत उमटायला हवं. दोन दिवसांचं शिबिर असेल तर दोन्ही जमतं, आणि जागा चाळीसगावजवळच्या पाटणची निवडली तर आणखी बरं. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा शिलालेख तिथलाच, १२०७ चा. शिबिर दिवाळीच्या सुट्टीत ठेवा. संध्याकाळी सातच्या सुमारास धनू रास नैर्ऋत्येला असते, आणि एस-२ ज्याभोवती फिरतो ते केंद्र त्याच बाजूला. उन्हाळ्यात ती रास बघायला रात्री उशिरापर्यंत जागावं लागतं, आणि खान्देशातल्या मे महिन्यात दिवसाची झोप होत नाही.