५०० लिंका आणि न मोडलेलं हळकुंड

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं दुकान वडिलांपासूनचं. हळकुंड हातात आलं की आधी मोडायचं, आतला रंग बघायचा, मगच भावाचं बोलायचं, हे मला शाळेत असल्यापासून माहीत. म्हणून पुढचं सांगताना लाज वाटते.

हळद पावडर आणि तासगावचे बेदाणे घरपोच पाठवायला भाच्यानं वेबसाइट करून दिली होती. दिवसाला चार माणसं यायची, त्यातला एक मीच. अशात एक फोन आला. "सर, तुमच्या साइटला बॅकलिंकच नाहीत. गुगल तुम्हाला ओळखणार कसं?"

बोलणं चुकीचं नव्हतं, तीच तर गोम. दुसऱ्याच्या साइटवरून आपल्याकडे येणारी लिंक ही एक शिफारसच असते आणि गुगलचा पायाच या कल्पनेवर रचला गेला. वरच्या थरात चांगला माल, खाली भेसळ!

१८,००० रुपयांत ५०० लिंका, सगळ्या 'डीए ५० च्या वर' (डीए म्हणजे डोमेन अथॉरिटी, साइटच्या वजनाचा आकडा), तीन महिन्यांत पहिलं पान, गॅरंटी. पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर, बिल 'नंतर पाठवतो'. महिन्याभरात एक्सेल आली, ५०० ओळी, सगळ्या हिरव्या. व्हिडिओ कॉलवर त्यानं आमच्या दुकानाचं नाव गुगलमध्ये टाकलं आणि आम्ही पहिले! मी हिला हाक मारून दाखवलं. ही म्हणाली, "अहो, ज्याला दुकानाचं नाव माहीत आहे तो सरळ फोनच करेल की." मी तिलाच गप्प केलं.

ऑर्डर काही वाढल्या नाहीत. चौथ्या महिन्यात त्याचाच फोन. "सर, साइटवर टॉक्सिक लिंक दिसतायत, गुगल दंड करेल, साइट मागं टाकेल. साफ करायचे ९,०००." मी देणारच होतो. नशीब, दिवाळीला भाचा घरी होता.

"मामा, यातली एक तरी लिंक उघडली होती का?"

नव्हती. आम्ही दोघं रात्री बसलो. निम्मी पानं उघडेचनात. उघडली ती कॅसिनोची, वजन घटवायच्या गोळ्यांची, रशियन लिपीतली, आणि खाली कमेंटमध्ये आमची 'सांगली हळद'. पुढचे पन्नासेक ब्लॉग एकाच साच्यातले, वाचणारं कुणी नाही, म्हणजे एकाच माणसाची दुकानं. बऱ्याच लिंकांना 'नोफॉलो'ची खूण होती. ही खूण २००५ पासूनची, 'या शिफारशीची जबाबदारी आमची नाही' एवढाच तिचा अर्थ. आणि तो डीए? मॉझ नावाच्या कंपनीनं काढलेला १ ते १०० चा आकडा. गुगल तो वापरतच नाही.

मग भाच्यानं सर्च कन्सोल उघडलं, म्हणजे आपली साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणारं गुगलचंच पान. ते फुकट असतं, साइटच्या मालकाचंच असतं, आणि मी ते कधी पाहिलंही नव्हतं. दंड झाला असता तर तिथल्या 'मॅन्युअल अ‍ॅक्शन'मध्ये दिसला असता. तिथं काहीच नव्हतं. रँकिंगसाठी लिंका विकत घेणं गुगलच्या नियमात बसत नाही, पण २०१६ पासून असल्या लिंका बहुतेक वेळा नुसत्या मोजल्याच जात नाहीत. थोडक्यात, शिक्षा नाही, फायदा नाही, १८,००० कृष्णेत. नको त्या लिंका नाकारायचं डिसअ‍ॅव्हाउ टूलही फुकटच, आणि बहुतेक साइटना ते लागत नाही असं गुगलच सांगतं. ९,००० कसले मागत होता देव जाणे.

असा फोन आला तर आधी केलेल्या कामाच्या तीन लिंका मागा आणि त्याच्यासमोरच उघडा. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हेही गुगलनंच लिहून ठेवलंय. नमुना दाखवतो म्हणाला तर दुकानाचं नाव टाकू देऊ नका, 'हळद पावडर' टाकायला सांगा. आणि सर्च कन्सोलचा ताबा कुणाकडे देऊ नका.

पुढच्या उन्हाळ्यात भाच्यानं हरिपूरच्या पेवांवर लिहिलं. जमिनीखालच्या या कोठारात हळद वर्षानुवर्षं कशी टिकते, पेव उघडल्यावर लगेच आत का उतरत नाहीत, २००५ च्या महापुरात किती पेवं वाया गेली. फोटो मी काढले. पुण्यात स्वयंपाकावर लिहिणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी ते वाचून आपणहून आमची लिंक दिली. एकच. त्या आठवड्यात अकरा ऑर्डर आल्या.

ती लिंक मात्र मी उघडून बघितली. दोनदा.