सेकंडहँड ग्लो इंजिन: आयडल दाखवून असं गंडवतात

कुर्ल्यातल्या एका गाळ्यात मॉडेल विमानाचं ४६ साइजचं, म्हणजे साडेसात सीसीचं एबीसी (अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन, क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह) ग्लो इंजिन बाकड्याला आवळून चालवून दाखवलं. थ्रॉटल खाली, म्हणजे आयडलवर, आवाज एकसारखा, कुठे अडखळणं नाही. घेणाऱ्याने तिथल्या तिथे रोख मोजली. घरी मात्र थ्रॉटल खाली आणला की दहा सेकंदांत इंजिन बंद. चार दिवस इंधन कमी-जास्त करणारी नीडल फिरवूनही फरक नाही, कारण दोष नीडलचा नव्हताच.

गाळ्यात प्लगवरची दीड व्होल्टची क्लिप शेवटपर्यंत काढलीच नव्हती. क्लिप असेपर्यंत प्लगची तार बॅटरीवर लाल राहते. विमानात प्लगला बॅटरी जोडलेली नसते. तिथे मिथेनॉल आणि जळणाची उष्णता यांवरच तार तापती राहायला हवी. पंखाही नेहमीचा ११ बाय ६ (११ इंच व्यास, ६ इंच पिच) नव्हता. १२ इंची, जड नायलॉनचा होता. असा पंखा फ्लायव्हीलसारखा झिजक्या इंजिनालाही ओढून नेतो. इंधनात नायट्रो (नायट्रोमिथेन) जास्त असेल तरही आयडल सुधारतो, म्हणून ५ ते १० टक्के नायट्रोचं आपलं सीलबंद इंधन न्यावं. मुंबईच्या दमटपणात उघड्या कॅनमधलं मिथेनॉल पाणी ओढतं, तेही लक्षात असू द्या.

इंजिन थंडच मागा. एबीसीची पितळी स्लीव्ह वर निमुळती असते, त्यामुळे थंड असताना पिस्टन टोकाला घट्ट अडकायलाच हवा. "गरम आहे म्हणून सैल लागतंय," असं विकणारा म्हणाला तर थंड होईपर्यंत बसून राहा. प्लगच्या भोकातून जाड तेल सोडूनही खोटं कंप्रेशन दाखवतात. प्लग काढून तेल निथळू द्या आणि शाफ्ट फिरवून बघा. खरखर लागली तर बेअरिंग गंजलेलं आहे.

आता चालवा. आधी पूर्ण थ्रॉटलवर मुख्य नीडल थोडी रिचकडे (जास्त इंधनाकडे) लावायची, आयडल त्यानंतर. क्लिप काढा. आरपीएम किंचित उतरले तर चालेल. मिनिटभर आयडलवर ठेवून पंख्यामागून इंधननळी चिमटा: लगेच मेलं तर मिश्रण लीन (इंधन कमी); दोन-तीन सेकंद वेग चढून मग बंद झालं तर बरोबर; बराच वेळ चाललं तर फार रिच. आयडलचा स्क्रू एका वेळी १/८ फेराच फिरवायचा. स्क्रूला इंजिन दादच देत नसेल तर कार्ब्युरेटरच्या मानेवर आणि मागच्या झाकणाच्या सांध्यावर तेलाचा थेंब सोडा. आवाज बदलला तर तिथून हवा शिरतेय. ते नव्या ओ-रिंगवर किंवा गॅस्केटवर निभावतं.

कुर्ल्याच्या या इंजिनात मात्र ते निभावणारं नव्हतं. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या खिडकीतून टॉर्च मारला, तर स्लीव्हचं क्रोम उडून खालचं पिवळं पितळ उघडं पडलेलं होतं.