यूएसबी कन्सोल केबल : वर्षभराच्या वापरानंतर, विशेषतः तिच्या क्लिपबद्दल

गेल्या आठवड्यात या केबलच्या आरजे-४५ प्लगची क्लिप, म्हणजे प्लग पोर्टमध्ये अडकवून धरणारा प्लास्टिकचा तुकडा, तुटली आणि विक्रेत्याने ती बदलून देण्यास साफ नकार दिला, म्हणून हा अनुभव आता लिहायला घेतला आहे. कन्सोल केबल म्हणजे लॅपटॉप थेट स्विच, राउटर अशा नेटवर्कच्या उपकरणाला जोडून त्यावर आज्ञा टाइप करण्याची केबल. ही केबल नेहमीच्याच घडणीची आहे. एका टोकाला यूएसबी-ए, दुसऱ्या टोकाला आरजे-४५, मध्ये सुमारे १.८ मीटर लांबीची चपटी फिकट निळी वायर आणि यूएसबीच्या टोकात एफटीडीआय या कंपनीची एफटी२३२आर चिप, जी यूएसबीचे रूपांतर सीरियल जोडणीत करते. ९६०० बॉड, आठ डेटा बिट, नो पॅरिटी, एक स्टॉप बिट ही जोडणीच्या वेगाची व मांडणीची नेहमीची सेटिंग वाचकांना पाठ असणार, त्यामुळे त्यात शिरत नाही.

पुण्यात राहून एका सहकारी बँकेच्या शाखांचे नेटवर्क सांभाळणे हे माझे काम आहे. आधीची केबल मी तापकीर गल्लीतून अगदी स्वस्तात आणली होती आणि तिने अनेक वर्षे इमानेइतबारे काम केले. कार्यालयाने विंडोज ११ असलेला नवा लॅपटॉप दिला, तेव्हा मात्र डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिच्या नावापुढे पिवळा त्रिकोण दिसू लागला, कारण त्या जुन्या चिपला नवा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला चिपशी बोलू देणारे सॉफ्टवेअर, ओळखच देत नाही. जुना ड्रायव्हर टाकला की अशा केबल पुन्हा चालतात हे आपल्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. पण लॅपटॉपवर ॲडमिन हक्क नाहीत आणि ड्रायव्हर मागे नेण्याची परवानगी सुरक्षा विभाग देत नाही, अशा परिस्थितीत तो उपाय कागदावरच राहतो. म्हणून जुन्या केबलच्या जवळजवळ चौपट पैसे मोजून ही केबल घेतली.

एफटीडीआयचे नाव असले म्हणजे चिंता मिटली, असेही नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये या स्कॉटिश कंपनीचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने बनावट चिपचा प्रॉडक्ट आयडी, म्हणजे विंडोज ज्यावरून चिप ओळखते तो क्रमांक, शून्य करून टाकला, त्यामुळे ज्यांनी भाबडेपणाने त्या केबल घेतल्या होत्या त्यांच्या हातातली वस्तू एका रात्रीत निकामी झाली. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. पुढे २०१६ मध्ये बनावट चिप आढळली की डेटाच्या जागी ‘हे उपकरण अस्सल नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य पाठवणारा ड्रायव्हर आला. स्विचशी बोलत असताना मध्येच असे वाक्य घुसणे किती धोक्याचे आहे, हे ज्याने रात्री दोन वाजता स्विचचे कॉन्फिग, म्हणजे त्याच्या सगळ्या सेटिंग, चढवले आहे त्याला सांगावे लागणार नाही. नकली माल विकणाऱ्याची शिक्षा ग्राहकाला देणे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. माझी केबल वर्षभरात अनेक अपडेट पचवून चालते आहे, त्यावरून चिप अस्सल असावी असे मी धरून चालतो.

पहिले काही महिने माझे मत असे होते की हे पैसे जास्त गेले. कन्सोलवर दहा ओळी टाइप करायच्या, लॉग जतन करायचा आणि केबल बॅगेत टाकायची, एवढ्या कामासाठी चौपट किंमत का द्यावी? पावसाळ्यात एका तालुक्याच्या शाखेत जावे लागले आणि हे मत पार बदलले. तिथल्या सिस्को कंपनीच्या जुन्या कॅटॅलिस्ट २९६० स्विचचे अपग्रेड रात्री दूरवरून सुरू केले होते. स्विचच्या फ्लॅश मेमरीत जागा अपुरी म्हणून जुनी इमेज, म्हणजे स्विचच्या प्रणालीची फाइल, आधी पुसली होती, नवी इमेज अर्धी उतरली असतानाच लाइट गेली आणि शाखेच्या यूपीएसच्या बॅटऱ्यांनी साथ दिली नाही. सकाळी पोहोचलो तेव्हा स्क्रीनवर ‘स्विच:’ एवढाच प्रॉम्प्ट होता, म्हणजे प्रणाली न सापडल्याने स्विच बूटलोडर या सुरुवातीच्या छोट्या प्रोग्रामवरच थांबला होता, आणि शाखा उघडायला फारसा वेळ उरला नव्हता.

अशा वेळी इमेज कन्सोलमधूनच, एक्समोडेम या फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने चढवावी लागते. पुटी या नेहमीच्या टर्मिनल प्रोग्राममध्ये ती सोय नाही, म्हणून टेरा टर्म हा दुसरा प्रोग्राम वापरला. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० अक्षरे जातात, म्हणजे १२ एमबीच्या इमेजला किमान साडेतीन तासांहून अधिक वेळ लागतो. बूटलोडरमध्ये बॉडचे मूल्य १,१५,२०० केले की हाच हिशेब कागदावर अठरा मिनिटांवर येतो. इथे या चिपचा एक गुण कामी आला, आणि स्वस्त केबलवर त्याची सेटिंग मला कधी दिसली नव्हती. ड्रायव्हरमध्ये लेटन्सी टायमर नावाची एक सेटिंग असते; थोडासाच डेटा आला असेल तर तो लॅपटॉपला देण्याआधी चिपने किती वेळ थांबायचे हे ती ठरवते, आणि ती मुळात १६ मिलिसेकंदांवर असते. एक्समोडेम दर १२८ बाइटनंतर पोच मिळण्याची वाट पाहतो. प्रत्येक पोच १६ मिलिसेकंद अडली, तर १२ एमबीमागे पंचवीसेक मिनिटे नुसती वाट पाहण्यात जातात. आयटी विभागाकडून ती सेटिंग आधीच १ वर करून घेतली होती. शाखेचे शटर वर गेले तेव्हा स्विच चालू होता, आणि त्या दिवशी किमतीबद्दलची माझी तक्रार संपली.

आता क्लिपकडे येतो, कारण माझा खरा राग तिच्यावरच आहे. या प्लगवर रबरी टोपी नाही. केबल बॅगेतून ओढली की क्लिप दुसऱ्या कशात तरी अडकते, उलटी वाकते, पांढरी पडते आणि एक दिवस तुटते. क्लिप तुटली तरी केबल चालते, असे विक्रेता म्हणतो. दहा ओळी टाइप करायच्या असतील तर ती चालेलही. पण वर सांगितलेल्या सकाळी प्लग एक मिलिमीटर जरी मागे सरकला असता, तर एक्समोडेमने काही वेळा पुन्हा प्रयत्न करून हात टेकले असते आणि इमेज पहिल्या बाइटपासून पाठवावी लागली असती. शिवाय ४२ यूच्या (यू म्हणजे रॅकमधील एका खणाची उंची) रॅकची उंची जवळपास १.८७ मीटर भरते. फायरवॉल सर्वांत वर आणि लॅपटॉप खाली खुर्चीवर असला की केबल ताणलेलीच राहते, आणि तो सगळा ताण त्या क्लिपवर येतो. चिपवर इतका खर्च करणाऱ्याला एक टोपी परवडू नये, हे मला समजत नाही.

विक्रेत्याला फोन केला, तेव्हा त्याने ‘साहेब, कनेक्टरला वॉरंटी नसते’ असे सांगितले. ‘अहो, पावतीवर तर पूर्ण केबलला एक वर्ष लिहिले आहे,’ असे मी म्हटल्यावर ‘ते आतल्या चिपसाठी असते’ असे उत्तर मिळाले. पावतीचा फोटो पाठवला, दोनदा आठवण केली आणि शेवटी नाद सोडला.

टोपी नसल्याचा एक फायदा मात्र झाला. पारदर्शक प्लगमधून तारांचे रंग आणि क्रम स्पष्ट दिसत होते, तेवढा क्रम टिपून जुना प्लग कापला आणि नवा क्रिंप केला, म्हणजे हत्याराने दाबून बसवला. आत बारीक तारांच्या पिळाची वायर असते, त्यामुळे सॉलिड तारेचा प्लग इथे चालत नाही; स्ट्रँडेड वायरसाठीचा चपटा प्लग मागून घ्यावा. सिस्कोच्या कन्सोल पोर्टवर ३ ही पाठवण्याची, ६ ही घेण्याची आणि ४ व ५ या ग्राउंडच्या पिन आहेत. या जागा बरोबर बसल्या की साध्या कामासाठी केबल चालते. टर्मिनलमध्ये फ्लो कंट्रोल, म्हणजे डेटा थांबवण्या-सोडण्याचे इशारे, तेवढे बंद ठेवावे. दुरुस्तीला चहाच्या दोन कपांएवढाही खर्च आला नाही, त्यामुळे विक्रेत्यावरचा राग वाढलाच.

आजच्या काळात एवढा आटापिटा कशासाठी, असे तरुण सहकारी विचारतात. नवी उपकरणे पेटीतून काढून लावली की क्लाउडमधून स्वतःचे कॉन्फिग घेतात, अनेकांवर कन्सोलसाठी यूएसबी-सी पोर्ट असतो, आणि चुकीचा बदल आपोआप परत फिरवण्यासाठी जुनिपर कंपनीच्या उपकरणांत ‘कमिट कन्फर्म्ड’, तर मायक्रोटिकच्या उपकरणांत ‘सेफ मोड’ आहे. या सोयी मी रोज वापरतो. तरीही ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे बीजीपी मार्ग, म्हणजे त्याच्या जाळ्यापर्यंत कसे पोहोचायचे हे इतर जाळ्यांना सांगणाऱ्या नोंदी, इंटरनेटवरून नाहीसे झाले, तेव्हा मुख्य जाळे बंद असताना उपकरणांपर्यंत पोहोचण्यासाठीचे पर्यायी आउट-ऑफ-बँड जाळेही बंद पडले होते आणि इंजिनिअरांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावे लागले; सेवा पूर्ववत व्हायला सुमारे सहा तास लागले. आमच्या बँकेत तर निम्म्याहून अधिक स्विच क्लाउडच्या आधीच्या पिढीचे आहेत आणि ते बदलण्याचा प्रस्ताव दर वर्षी पुढे ढकलला जातो.

पाचपैकी चार तारे देतो. एक तारा क्लिपसाठी कापला आहे. आज पुन्हा घ्यायची झाली तर हीच चिप असलेला, पण आरजे-४५चे सॉकेट असलेला छोटा ॲडॉप्टर घेईन, म्हणजे क्लिप तुटली की नुसती रोलओव्हर केबल (दोन्ही टोकांना आरजे-४५ प्लग असलेली, तारांचा क्रम उलटा असलेली कन्सोलची केबल) बदलता येईल आणि उंच रॅकसाठी तीन मीटरची लावता येईल. ज्यांच्याकडे हीच केबल आहे त्यांनी क्लिप शाबूत असतानाच प्लगमधील तारांचा फोटो काढून ठेवावा आणि वरून सरकवून बसवायची रबरी टोपी मिळते, ती आजच लावून घ्यावी.