बाबांचा खांदा आणि फिजिओताई
स्ट्रोकनंतर बाबांच्या उजव्या हातात जोर नव्हता आणि खांदा इतका दुखायचा की सदऱ्याची बाही चढवताना डोळ्यांत पाणी यायचं, त्यात आधीचा अटेंडंट त्यांना तोच हात धरून ओढून उठवायचा. या फिजिओथेरपी क्लिनिकच्या फिजिओताईंनी पहिल्याच दिवशी खांद्याच्या हाडाखाली पडलेली बोटभर खाच दाखवली, हात कधीच ओढायचा नाही, बसताना त्या हाताखाली उशी, बाही आधी दुखऱ्या हातात, सगळं आईकडून करून घेतलं. मग चांगल्या हाताला मिट, म्हणजे तो वापरता येऊ नये असा जाड हातमोजा, घालून दुखऱ्या हाताने वाटाणे उचलायला लावले, 2006 च्या एक्साइट ट्रायलमध्ये, म्हणजे स्ट्रोकच्या 222 पेशंटवरच्या अभ्यासात, या पद्धतीचा फायदा दिसला होता, पण बोटं थोडी तरी हलत असतील तरच, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. फी जास्त आहे, लिफ्ट नाही, तरी जाच. काल बाबांनी बटण स्वतः लावलं!