एप्सन एल३२५०: घरच्या छपाईत पैसा नेमका कुठे जातो

मुलांच्या वर्कशीट, डिजिटल सातबारा, बँकेचे अर्ज आणि अधूनमधून शाळेचा एखादा रंगीत प्रकल्प, अशी संमिश्र छपाई ज्या घरात होते त्या घरासाठी एप्सनचा एल३२५० हा इंक टँक (टाकीत बाटलीने शाई भरायचा) प्रिंटर मला अत्यंत योग्य वाटतो. मात्र त्याच्या स्वस्त छपाईचा लाभ पदरात पडायचा असेल, तर खर्च नेमका कशावर होतो हे आधी समजून घ्यायला हवे.

या प्रिंटरला ००३ क्रमांकाची शाई लागते. ६५ मिलीलिटरच्या काळ्या बाटलीतून सुमारे ४,५०० पाने आणि तिन्ही रंगांच्या बाटल्या मिळून सुमारे ७,५०० पाने निघतात, असे कंपनी सांगते. प्रिंटरसोबत येणाऱ्या पहिल्या बाटल्यांतील काही शाई हेडपर्यंतच्या (कागदावर शाई सोडणाऱ्या भागापर्यंतच्या) नळ्या भरण्यात खर्च होत असल्यामुळे त्यांतून पाने कमी निघतात, हे लक्षात ठेवावे. काळी बाटली चारशे रुपयांची धरली, तर एका पानाची शाई नऊ पैशांच्या आसपास पडते. पाचशे कागदांचे रीम तीनशे रुपयांचे धरले, तर कागद मात्र साठ पैशांना पडतो. म्हणजे अर्ध्या किमतीत मिळणारी सुटी स्थानिक शाई भरून पानामागे जेमतेम साडेचार पैसे वाचतात, तर तेच पान पाठपोट छापले की तीस पैसे वाचतात. या टाक्यांत कुठलीही शाई ओतता येते, त्यामुळे तो मोह अनेकांना होतो. पण एवढ्याशा बचतीसाठी हेड धोक्यात घालणे मला मुळीच पटत नाही.

हेडचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगायला हवा. अनेक स्वस्त कार्ट्रिज प्रिंटरमध्ये हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते, त्यामुळे कार्ट्रिज बदलले की हेडही नवे मिळते. एल३२५० मध्ये ते कायमचे बसवलेले आहे आणि ते बिघडले तर दुरुस्तीचा खर्च वर्षभराच्या शाईपेक्षा कितीतरी जास्त येतो. म्हणून प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करावा. त्या बटणाने बंद केल्यावर हेड कडेच्या जागी जाऊन झाकले जाते. भिंतीवरचे बटण थेट बंद केले तर ते उघडे राहून शाई वाळण्याची शक्यता असते. आठवड्यातून एखादे रंगीत पान छापणे हाही चांगला उपाय आहे.

अक्षरांत पांढऱ्या रेघा दिसू लागल्या की लगेच हेड क्लीनिंग (शाई सोडून हेड साफ करणे) करू नये, आधी नोझल चेक, म्हणजे हेडची बारीक छिद्रे मोकळी आहेत का हे दाखवणारे चाचणी पान, छापावे. त्या पानावर चार रंगांतील बारीक रेघांचे पायरीसारखे जाळे येते; त्यातील एकही रेघ तुटलेली नसेल तर दोष हेडचा नाही. पिवळ्या रेघा पांढऱ्या कागदावर सहज दिसत नाहीत, म्हणून ते पान खिडकीपाशी नेऊन पाहावे. प्रत्येक क्लीनिंगमध्ये चारही टाक्यांतील शाई खर्च होते आणि ती आतल्या पॅडमध्ये साठते. हे पॅड भरले की छपाईच थांबते. तीनदा क्लीनिंग करूनही फरक पडला नाही, तर प्रिंटरला बारा तास विश्रांती द्यावी व मग पुन्हा तपासावे. पॉवर क्लीनिंग, म्हणजे जास्त शाई वापरून केलेली जोरदार सफाई, हा शेवटचा उपाय असून त्यासाठी प्रत्येक टाकी किमान एक तृतीयांश भरलेली असावी लागते. शाई टाकीवरच्या खालच्या रेषेच्या खाली जाऊ देऊ नये, आणि काळीच छपाई करतो म्हणून रंगीत टाक्या रिकाम्या ठेवणेही चुकीचे आहे, कारण हेड सुस्थितीत राखण्यासाठी रंगीत शाईही वापरली जाते.

नेहमीच्या मजकुरासाठी छपाईच्या सेटिंगमध्ये ग्रेस्केल (रंगाविना) आणि ड्राफ्ट (कमी शाईची फिकट छपाई) निवडावे. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, उघडा कागद ओल धरतो, त्याच्या कडा वळतात आणि तो अडकतो. म्हणून लागतील तेवढेच कागद ट्रेमध्ये ठेवून उरलेले रीम त्याच्या वेष्टनात गुंडाळून ठेवावे.

या प्रिंटरची मोठी उणीव म्हणजे त्यात आपोआप पाठपोट छपाई होत नाही. आधी विषम पाने छापून, गठ्ठा उलटा घालून सम पाने छापावी लागतात. कागद हीच सर्वांत मोठी खर्चाची बाब असताना ही सोय नसणे मला खटकते. शिवाय काळी शाई डाय प्रकारची (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची) असल्याने पाण्याचा थेंब पडला की अक्षर पसरते. जपून ठेवायची कागदपत्रे प्लास्टिकच्या फोल्डरमध्येच ठेवावीत.

महिन्याला चार-पाच पानेच छापणाऱ्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाणे अधिक स्वस्त पडेल. ज्यांना फक्त काळी छपाई हवी आहे आणि प्रिंटर महिनोन्महिने बंद राहणार आहे, त्यांनी साधा मोनो (फक्त काळी छपाई करणारा) लेझर प्रिंटर घ्यावा, कारण त्यात शाईऐवजी वापरला जाणारा टोनर ही कोरडी भुकटी असल्याने ती वाळून हेड तुंबण्याचा प्रश्नच त्यात येत नाही.