एकट्याने चालायचं तर घाटातलं रान की कोकणचा किनारा?

पुण्याहून एकट्याने सॅक उचलून निघायचं, तर दोन बाजू समोर असतात. एकीकडे ताम्हिणी, भीमाशंकर, कोयनेकडचं दाट रान, तर दुसरीकडे घाट उतरून कोकणचा किनारा. बहुतेक जण अंतर आणि चढ बघून ठरवतात. एकट्याने जाताना मात्र आधी बघायचं ते हे, की वाट चुकली तर ते कधी लक्षात येईल आणि तेव्हा दिवस किती उरलेला असेल. या हिशेबाने पहिल्या खेपेला किनारा बरा, तोही नोव्हेंबर ते जानेवारीत. भरती-ओहोटीचं गणित मात्र निघण्याआधी पक्कं हवं.

रानाचं उदाहरण म्हणून ताम्हिणीजवळचं अंधारबन घ्या. पिंपरीहून हिरडीमार्गे भिऱ्यापर्यंत साधारण 13 किलोमीटर, बराचसा उतार. वाट अवघड नाही, म्हणूनच लोक गाफील राहतात. झाडीत ढोरवाटा मुख्य वाटेइतक्याच मळलेल्या दिसतात. अशी वाट अर्धा तास छान चालते आणि कारवीत विरून जाते. नियम असा ठेवा: दहा मिनिटांत बाण, दगडांची रास, तोडलेला बुंधा असं काहीच दिसलं नाही, तर खात्रीच्या शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. पाणी खाली गावाकडेच जाईल म्हणून ओढ्यात उतरू नका. सह्याद्रीचा पश्चिम उतार बेसॉल्टच्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा आहे, आणि ओढा प्रत्येक कठीण थरावरून खाली कोसळतो. दोन टप्पे घसरत उतरलात की खाली कडा आणि वर शेवाळलेला कातळ, अशी कोंडी होते. रानात अडकलेली बरीच माणसं अशाच नाळेत, म्हणजे ओढ्याच्या अरुंद घळीत, सापडतात.

दुसरा धोका ओढे. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही वरच्या अंगाला झालेल्या पावसाने पाणी वाढतं. पाणी गढूळ झालं, काटक्या आणि पाला वाहत येऊ लागला, की पाय मागे घ्या आणि उंचावर थांबा. पाऊस थांबला तर छोटा ओढा बहुधा काही तासांत उतरतो. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी एकट्याने ओलांडायचंच नाही. खाली असेल तरी सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, काठी वरच्या बाजूला रोवा आणि प्रवाहाकडे तोंड करून आडवं सरका.

जळवांचा बाऊ नको. तोंडाच्या बाजूने नख सरकवा, सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं, कारण तिची लाळ ते गोठू देत नाही. हिरवा चापडा या विषारी सापाकडे मात्र लक्ष असू द्या. तो हाताच्या उंचीच्या फांदीवर बसतो, आणि आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर बनते, चापड्याच्या नाही. आधारासाठी फांदी धरण्याआधी ती नीट बघा.

एकट्याची आणखी एक अडचण: सुरुवात पिंपरीत, शेवट भिऱ्यात. गाडी वर ठेवली तर परत वर जायचा बंदोबस्त आधीच लागतो. अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम चालत नाही, त्यामुळे अंधाराआधी बाहेर पडावंच लागतं. दाट झाडीत ताशी दोन किलोमीटर धरा.

दापोलीच्या किनाऱ्यावर केळशी, आडे, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर अशी गावांची माळ आहे. पाणी, जेवण, मुक्काम, सगळं वाटेवर. दिशा चुकत नाही, समुद्र उजवीकडे ठेवला की दक्षिणेला जाताय. इथे चूक होते ती वेळेची.

कोकणातला जुना हिशेब वापरा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पुण्यातून लोक हौसेने पौर्णिमा गाठतात. त्या दिवशी सव्वाअकराला उधाणाची भरती असते, म्हणजे नाश्ता करून निघालात की पाणी चढतंच आहे. सकाळी चालायचं तर चतुर्थी ते सप्तमी निवडा, आणि नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यावरून पडताळा.

पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, भरतीचा त्रास नाही, फार तर कोरड्या वाळूत पाय रुतून वेग अर्ध्यावर येतो. धोका दोन पुळणींमधल्या, समुद्रात घुसलेल्या कातळी नाकाडावर आहे. खडकावर कालवं, म्हणजे घट्ट बसलेली शिंपली, जिथपर्यंत चिकटलेली दिसतात, निदान तिथपर्यंत भरतीचं पाणी येतं. ती तुमच्या डोक्यापेक्षा उंच असतील आणि ओहोटी लागून तीन तास झालेले नसतील, तर नाकाड खालून वळसून जायचं नाही, वरच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळी पठारावरून, जा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची वाटही अशीच कातळावरून आहे, ती फक्त ओहोटीत. खाडीच्या मुखाशी गाळ असतो. पुलाने किंवा फेरीबोटीने पलीकडे जा, चालत ओलांडायचा मोह नको.

सड्यावर सावली नाही. इथे चार लिटर पाणी आणि ओआरएसची दोन पाकिटं, रानात हिवाळ्यात तीन लिटर पुरतं. जांभ्याच्या दगडांत फुरसं असतं, म्हणून दगडावर बसण्याआधी काठी आपटा आणि बूट घालूनच चाला. साप कोणताही चावला तरी आवळून बांधू नका, कापू नका. अवयव स्थिर ठेवा आणि दवाखाना गाठा. किनाऱ्यावर हाक मारली तर बहुधा वाडीतून कुणीतरी येतं, रानात फोनलाही रेंज नसते. आमचं माप मुख्यतः यामुळे किनाऱ्याकडे झुकतं.

पावसाळ्यात एकट्याने दोन्हीकडे जाऊ नये. रानाची ओढ असेल तर तीच वाट आधी एकदा सोबतीने चाला, मग डिसेंबरात एकट्याने या. निघताना घरी कागदावर लिहून ठेवा: कुठून शिरणार, कुठे बाहेर पडणार, किती वाजता फोन करणार, आणि फोन आला नाही तर किती वाजता 112 लावायचा.